वेशीवरच्या बाई आणि खाणावळीचा परवाना

शिक्केबाईंना शिक्केबाई म्हणायला सुरुवात कुणी केली, हे कुणालाच ठाऊक नाही. पण नाव असं चिकटलं की पगाराच्या पावतीवरचं खरं नाव त्यांना स्वतःलाच परकं वाटायचं. परवाना कार्यालयात तळमजल्यावर जिन्याला लागून जी खिडकी आहे ना, ती त्यांची. दुकानाचा परवाना, पाटीचा परवाना, फुटपाथवर खुर्च्या मांडायचा परवाना, कुत्रा पाळायचा परवाना, सगळं त्या एका खिडकीतून. अर्ज हातात आला की त्या आधी तो लांब धरायच्या, मग जवळ आणायच्या, मान जराशी डावीकडे कलती करायच्या, "हं" म्हणायच्या. आणि मग यायचे ते दोन शब्द, ज्यांना भलेभले घाबरायचे.

"त्रुटी आहे."

आता त्रुटी म्हणजे चूक नव्हे बरं का. चूक माणसाची असते, त्रुटी कागदाची, असं बाईंचं म्हणणं. म्हणून त्या कुणावर कधी रागावल्या नाहीत आणि कुणाला कधी सोडलंही नाही. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. कागद पुरा असेल तर त्यांनी कुणाला एक तासही ताटकळत ठेवलं नाही. साहेबाचा मेव्हणा असो की भाजीवाली, पुऱ्या कागदावर शिक्का आणि अपुऱ्या कागदाला त्रुटी. त्यांच्या लेखी हाच धर्म आणि हीच नोकरी.

हा शब्द त्या घरीही घेऊन आल्या होत्या. आमटीत मीठ कमी असलं की त्रुटी. पंख्याचा आवाज येतो, त्रुटी. नवऱ्याच्या सदऱ्याला बटण नाही, त्रुटी. नवरा पाट्या रंगवायचा. सगळ्या पेठेत तो पेंटर याच नावाने ओळखला जायचा, आणि अर्ध्या पेठेतल्या दुकानांच्या कपाळावर त्याचंच अक्षर होतं. दोघांची ओळखही पाटीच्या परवान्यावरून झालेली. म्हणजे बघा, एक पाट्या रंगवणार आणि दुसरी म्हणणार की ही पाटी नियमापेक्षा वीतभर लांब आहे. यांचा संसार कसा होणार, असं दोन्हीकडचे नातेवाईक म्हणत होते. झाला की चांगला. मूलबाळ झालं नाही, त्याचंही दुःख दोघांनी आपापल्या पद्धतीने गिळलं. पेंटर बोलून मोकळा व्हायचा, बाई गप्प राहून. लाडीगोडी, कौतुक, "तुमच्यावाचून करमत नाही" वगैरे बोलणं बाईंच्या तोंडी कधी आलंच नाही. आणि ते कधी बोलायला हवं होतं, असंही त्यांना तेव्हा वाटलं नाही.

पेंटरला एक खूळ होतं. दर रविवारी दुपारी तीन माणसं जमवून तो एक खेळ मांडायचा. पत्ते म्हणावे तर पत्ते नाहीत, नाटक म्हणावं तर प्रेक्षक नाहीत. टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पेंटर सूत्रधार. तो सांगायचा, "समोर जंगल आहे, झाडीत काहीतरी हललं, काय करता?" मग ज्याने-त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते करायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांच्या फाशावर ठरायचं. जंगल, राजधानी, बंदर, सगळं पेंटरच्या डोक्यातलं, आणि नकाशा त्याच्या हातचा. पाटीच्या उरलेल्या रंगांत काढलेला, त्यामुळे समुद्र थेट औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखा हिरवा.

खेळायला कोण, तर तिघं. एक चष्मेवाला, पेंटरचा शाळेपासूनचा दोस्त. अंगाने काडी, पण खेळात मात्र धिप्पाड योद्धा. दुसरा भाचा, शाळेत गणित शिकवायचा आणि खेळात मांत्रिक व्हायचा. तिसरी जवळच्या इस्पितळातली नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, आणि दिवसभर लोकांच्या सेवेत काढणारी ही बाई खेळात अट्टल चोर होती. माणसाला काय व्हावंसं वाटेल याचा नेम नाही.

सुरुवातीला खेळ घरातच चालायचा. एके रविवारी बाई आत पडल्या होत्या आणि बाहेरून चष्मेवाल्याचा आवाज आला, "आम्ही तलवारी उपसून राजधानीत शिरतो." बाई आतूनच म्हणाल्या, "तलवारी बाळगायचा परवाना आहे का?"

मग पेंटर इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसका ओसरल्यावर तो सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, "राजधानीच्या वेशीवर एक खिडकी आहे. खिडकीत एक बाई बसल्या आहेत. त्या तुमच्या तलवारींकडे बघतात आणि म्हणतात, हं."

झालं. त्या दिवसापासून त्या खेळात परवाने शिरले ते कायमचे. तलवारीला परवाना, मंत्र म्हणायला परवाना, मेलेला राक्षस वेशीतून आत आणायला वेगळा आणि जिवंत आणायला त्याहून वेगळा. राक्षस मारून दहा मोहरा मिळवाव्यात आणि परवान्यात बारा घालवाव्यात, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. चष्मेवाला कुरकुर करायचा की पूर्वी आम्ही राक्षसाला घाबरायचो, आता रांगेला घाबरतो.

पण फाशांचा खडखडाट बाईंच्या रविवारच्या झोपेला सोसेना. "खेळायचं तर पलीकडे खेळा," त्या म्हणाल्या, आणि खेळ घरामागच्या रंगाच्या खोलीत गेला. मध्ये फक्त एक भिंत. बाईंची खाट त्याच भिंतीला लागून. झोप काही येईना, उलट आता नीट ऐकू येईना म्हणून कान जास्तच ताठ. पलीकडे हसण्याचे लोट उठायचे. शब्द कळायचे नाहीत, पण अधूनमधून पेंटरचा आवाज वर चढायचा, नाकातून यायचा, आणि एक शब्द भिंतीतूनही स्पष्ट उमटायचा. त्रुटी. आणि त्यावर पुन्हा हशा.

हे बाईंच्या मनाला लागलं. आपला नवरा चार माणसांत आपली नक्कल करतो आणि माणसं खिदळतात. खेळ आटोपून तो आत आला की विचारावं असं दर वेळी ओठांवर यायचं. आणि दर वेळी त्या विचारायच्या ते एवढंच, "चहा टाकू का आणखी?" वर्षानुवर्षं हेच. पेंटरलाही कधी वाटलं नाही की हिला एकदा बोलवावं, शेजारी बसवावं. की वाटलं असेल आणि धीर झाला नसेल, कोण जाणे.

गेल्या वर्षी पेंटरला ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. बाई खंबीर राहिल्या, रडल्या बेताच्या, रजा संपल्यावर खिडकीत जाऊन बसल्या. लोक म्हणाले, धीराची बाई. लोकांना काय जातंय म्हणायला. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की त्यांना पहिल्यांदा जाणवायचं ते हे की कुणी काही बोलत नाही. पेंटरचा आवाज जरा घोगरा होता, वाक्याच्या शेवटी उगाच वर जायचा, जणू प्रत्येक गोष्ट विचारूनच सांगतोय. तो आवाज त्यांना आठवायचा, पण ऐकू यायचा नाही. त्याच्या फोनमध्ये शेकडो फोटो होते, सगळे पाट्यांचे. आवाज एकाही ठिकाणी नाही. रंगाच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं आणि खाट त्या भिंतीपासून सरकवून दुसऱ्या भिंतीला लावली. दोन रात्रींनंतर परत जागच्या जागी आणली.

मग एका रविवारी तिघं दारात उभे. भाचा पुढे, त्याच्या काखेत नकाशाची गुंडाळी.

"मामी, एक काम होतं. अडलंय आमचं."

कामं घेऊन घरी येणारे काय कमी होते? बाईंनी सवयीने विचारलं, "कसला परवाना?"

"खाणावळीचा."

"जागा कुठे?"

भाच्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाला घसा खाकरून म्हणाला, "बंदरावर, वहिनी."

"आपल्याकडे बंदर कुठलं?"

मग सिस्टरने नीट उलगडून सांगितलं. खेळातली त्यांची तिन्ही सोंगं आता म्हातारी झाली होती. लढाया संपल्या, खजिने परवान्यांत संपले. आता तिघांना बंदरावर खाणावळ काढून स्वस्थ बसायचं होतं. पेंटरने पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी वेशीवरच्या बाई खाणावळीचा परवाना देतील, त्या दिवशी खेळ संपला. अर्ज तेवढा झाला आणि पेंटर आजारी पडला. अर्ज अजून खिडकीत आहे. पेंटरमागे भाच्याने सूत्रधार व्हायचा प्रयत्न केला. पण "त्रुटी आहे" म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि तिघंही उठून घरी गेले.

"आणि मला महिनाअखेरीला दुसऱ्या गावच्या इस्पितळात रुजू व्हायचंय, काकू," सिस्टर म्हणाली. "त्यांचा खेळ अर्धा टाकून जायला नको वाटतं. वेशीवरच्या बाई तुम्हीच आहात. परवाना तुम्हीच द्यायचा."

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांच्या मनात दोनच गोष्टी होत्या. त्या भिंतीपलीकडे काय चालायचं, ते आता कळणार. आणि ते वाईट निघालं तर उरलेला पेंटरही हातचा जाणार. शेवटी त्या उठल्या आणि रंगाच्या खोलीची किल्ली घेऊन आल्या.

खोलीत टर्पेंटाइनचा वास तसाच कोंडलेला होता. एक अर्धी पाटी भिंतीला टेकून उभी होती, नुसतंच "न्यू" लिहिलेली, पुढचं राहून गेलेलं. पेंटरच्या स्टुलावर कुणी बसलं नाही. बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, पिशवीतून चष्मा काढला, आणि हात पुढे केला. भाच्याने अर्ज दिला. अर्ज खरोखरच लिहिलेला होता, पेंटरच्या सुबक पाटीअक्षरात.

बाईंनी तो लांब धरला, जवळ आणला. "चुली किती?"

"दोन," चष्मेवाला सावरून बसला.

"धूर कुठून जाणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाणावळीच्या धुराचा विचार आजवर कुठल्या योद्ध्याने केलाय?

"चूल पेटवणार कशाने?"

"आमच्याकडे ड्रॅगन आहे. पिल्लू असल्यापासून पाळलाय," चष्मेवाला म्हणाला.

"पाळीव म्हणून की धंद्यासाठी?"

"चूल तोच पेटवणार, म्हणजे..."

"म्हणजे धंद्यासाठी. दर वेगळा. शेजारी कोण राहतं?"

"एक चेटकीण आहे, मामी."

"तिचं ना-हरकत पत्र आणा. मागच्या बाजूने आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट दाखवा. पाटी किती लांबीची?" आणि अर्ज टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "त्रुटी आहे."

चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला, पण डोळ्यांत त्याच्या पाणी होतं. "बरं वहिनी. आणि प्रत्येक कागदाची फी? आमच्याकडे मोहरा फार उरल्या नाहीत हो."

बाई थांबल्या. बोलू की नको असं झालं, पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं हसणं शेवटी बाहेर आलंच. "मोहरा नकोत. फी वेगळी आहे. हे माझी नक्कल कशी करायचे, ते करून दाखवायचं. एका कागदाला एक."

मग चष्मेवालाच उठला. त्याने अर्ज उचलून लांब धरला, जवळ आणला, मान डावीकडे कलती केली, आणि नाकातून, पण शेवटी आवाज वर नेत म्हणाला, "हं. राक्षस मेलाय म्हणता, पण मेल्याचा दाखला कुठेय? उद्या उठून बसला तर जबाबदार कोण?"

ती नक्कल बाईंची होती, यात शंका नाही. पण वाक्याचा शेवट जो वर गेला, तो पेंटरचा होता. बाई अगदी हलल्या नाहीत, हलल्या तर तो आवाज उडून जाईल असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी मान अशी वाकडी करते?"

"करता," भाचा म्हणाला.

"आणि तुम्ही सगळे हसायचात."

"हसायचो ना, वहिनी. पण कुणाला? स्वतःला," चष्मेवाला म्हणाला. "सात मुंडक्यांच्या राक्षसाला लोळवून यायचो आणि बाईंसमोर अर्जावर सही राहिली म्हणून परत जायचो. पेंटर म्हणायचा, या सगळ्या दुनियेत खरं माणूस एकच आहे, ते खिडकीत बसलंय. बाकी सगळे रंगवलेले."

त्या संध्याकाळी बाईंनी स्वतःपुरती खिचडी टाकली आणि पहिल्यांदाच कुणी समोर नसताना पोटभर जेवल्या.

पुढच्या रविवारी तिघं चेटकिणीचं ना-हरकत पत्र घेऊन आले. फी द्यायची पाळी भाच्याची. तो म्हणाला, "नक्कल मला जमत नाही मामी, पण एक गोष्ट सांगतो, चालेल का?" बाई म्हणाल्या चालेल.

"आमच्या खेळात सगळ्यावर फासा पडतो. वारा कुठून येईल, राजा खूश होईल की मुंडकं उडवील, सगळं फासा ठरवतो. मामाही फाशाला बांधलेले. पण वेशीवरच्या बाईंसाठी त्यांनी फासा कधी टाकला नाही. एकदा चष्मेवाल्या काकांनी बाईंना लाच द्यायचं ठरवलं. मोत्यांची थैली पुढे सरकवली आणि म्हणाले, टाका फासा, बाई घेतात की नाही बघू. मामा म्हणाले, तिच्यासाठी फासा कशाला? ती काय करेल ते मला माहीत आहे."

"मग काय केलं बाईंनी?" बाईंनी विचारलं.

"मोती परत दिले. आणि मोती बाळगायचा परवाना नाही म्हणून दंड लावला."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आणि मग तोंडाला पदर लावून त्या हसल्या की रडल्या हे तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. भाचा उठून खिडकी उघडायला गेला, जी आधीच उघडी होती.

इथून बाईंची चाल बिघडली. कसं ते सांगतो. पुढचा रविवार आला, कागद चोख आला, आणि बाईंनी पाण्याच्या चाचणीचा दाखला मागितला. तो आला, तेव्हा वजनकाट्याच्या तपासणीचा. त्यासाठी रविवार पुरेना, म्हणून बुधवारी संध्याकाळीही बैठक ठरली. दर कागदामागे चष्मेवाला एक नक्कल करायचा, भाचा एक गोष्ट सांगायचा, आणि बाई कान देऊन ऐकायच्या, उपाशी माणूस ताटाकडे बघतो तशा. एकदा बाईंनी भुतांना जेवण वाढायचं असल्यास वेगळा परवाना लागेल असं सांगितलं.

भाचा हळूच म्हणाला, "मामी, ही अट मामांच्या खेळात नव्हती. तुमच्या खऱ्या कार्यालयातही नसेल."

"नाही," बाई म्हणाल्या.

ज्या बाईने उभ्या नोकरीत पुरा कागद एक तास अडवला नाही, तिने इथे धडधडीत खोटी त्रुटी काढली होती. परवान्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. बाईंना ते कळत होतं, लाजही वाटत होती. पण शिक्का मारला की खेळ संपणार, तिघं आपापल्या वाटेने जाणार, आणि वाक्याच्या शेवटी वर जाणारा तो आवाज पुन्हा कुठे ऐकायला मिळणार? भुतांचा परवाना त्यांनी मागे घेतला. मग रागावल्यासारख्या म्हणाल्या, "पण पाटीची लांबी मी मोजणारच."

महिनाअखेरीचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सिस्टरची गाडी. तिने सामान बांधून झाल्याचं सांगितलं, आणि भाच्याने सगळे कागद टेबलावर मांडले. बाईंनी एकेक उलटून पाहिला. पुन्हा उलटून पाहिला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कार्यालयातून आणलेला जुना, रद्द झालेला शिक्का पिशवीतून काढला, शाईच्या डबीवर दाबला, आणि हात तसाच ठेवला.

"एक फी राहिली," त्या म्हणाल्या. "सिस्टरने अजून एकही दिलेली नाही."

हे खरं होतं. दर वेळी पाळी आली की सिस्टर म्हणायची, मला नाही जमत, आणि चष्मेवाला तिच्या वाटची भरायचा. आताही चष्मेवाला उठू लागला, पण सिस्टरने त्याला हाताने खाली बसवलं.

"माझ्याकडे एकच आहे, काकू. सांगावं की नाही, तेच कळत नव्हतं." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "माझं तेव्हा घरी बरं चाललं नव्हतं. नवरा एका घरात, मी दुसऱ्या. खेळायला यायचे ते डोकं बाजूला ठेवायला. एका रविवारी हे दोघं उशिरा येणार होते, मी आणि पेंटरकाका दोघंच. वेळ जायला म्हणून खेळ सुरू केला. माझी चोर वेशीवर गेली. का कोण जाणे, मी बाईंना विचारलं, तुम्ही रोज सगळ्यांचे कागद बघता, तुमचं स्वतःचं कसं चाललंय? नवऱ्याबरोबर सुखी आहात का?"

"मग?"

"मला वाटलं काका नाकातून काहीतरी बोलतील आणि हसवतील. ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, हे मला माहीत नाही. आणि त्यांनी फासा उचलला."

"बाईंसाठी टाकला?" चष्मेवाल्याने विचारलं. हे त्यालाही नवीन होतं.

"तेवढ्याच एका वेळी."

"किती पडले?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं नाही त्यांनी. वर हात ठेवला, जरासा उचलून स्वतः पाहिलं, आणि फासा खिशात टाकला. मग म्हणाले, बाई म्हणतात, कामाच्या वेळेत खाजगी प्रश्न विचारायचे नाहीत. इतक्यात हे दोघं आले."

बाई शिक्क्यावर हात ठेवून बसल्या होत्या. सदऱ्याला बटण नसलं तरी ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांना हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. ती काय करेल ते मला माहीत आहे, असं छातीठोक सांगणारा माणूस या एका प्रश्नापाशी अडला होता. आणि उत्तर जिच्यापाशी होतं ती खाटेवर पडून होती, मधे एवढीशी भिंत. तिला एकदा विचारावं, असं त्याला वाटलं नाही. त्याला आपणहून सांगावं, असं तिलाही सुचलं नाही. दोघंही एकमेकांना चहा हवा का, एवढंच विचारत राहिले.

"फी पावली," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सिस्टर, परत विचार."

"काय, काकू?"

"तोच प्रश्न. माझ्या हातून शिक्का पडला की वेशीवरच्या बाई संपल्या. त्याआधी त्यांना विचार. तू चोर हो आणि विचार."

सिस्टरने एकदा भाच्याकडे पाहिलं. भाचा खाली बघत होता. मग ती खुर्ची सरकवून उठली, टेबलाला वळसा घालून खिडकीसमोर उभं राहावं तशी बाईंसमोर उभी राहिली. एकेक शब्द तिने नीट उच्चारला. "बाई, तुम्ही रोज सगळ्यांचे कागद बघता. तुमचं स्वतःचं कसं चाललंय? नवऱ्याबरोबर सुखी आहात का?"

चष्मेवाल्याचा हात आपोआप पुढे आला, आणि त्याने वीस तोंडांचा फासा बाईंकडे सरकवला. बाईंनी तो त्याच्याकडे परत सरकवला.

"हो," त्या म्हणाल्या.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला रिकामं स्टूल होतं.

"हो. सुखी आहे मी," बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि त्यांनी शिक्का मारला.